दोन तास

साडेसातला रोझलिन सिस्टरने पेला दिला.
पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, वर लिंबू पिळलेलं,
तरी घशाखाली उतरेना.
"एका दमान पी गो, तोंड वाकडा करू नको."
साडेनऊला दुसरी सुई.
तोवर परुळ्याच्या दवाखान्यातलं हे बाकडं.
चालायचं नाही, खायचं नाही.

सात वर्षांपूर्वी इथंच बसले होते
पोट मांडीवर ठेवून.
सातव्या महिन्यात साखर आली,
सुईनं थोपवून धरली सकाळ-संध्याकाळ,
आणि वार पडली तशी निघून गेली.
आम्ही म्हटलं, पाहुणी होती.
मुलगी चार किलो शंभर ग्रॅम.
निवतीच्या बंदरावर नवरा सांगत सुटला,
जणू गळाला इसवण लागली.

सहा आठवड्यांनी परत या, कार्डावर लिहिलेलं.
त्या आठवड्यात पोरीचं पोट दुखत होतं,
पुढच्यात नारळीपौर्णिमा,
मग होड्या सुटल्या, बर्फाची मागणी वाढली,
आणि सात वर्षं अशीच गेली.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
लादीवर तळवा टेकला की मला कळतं
ही पणजी गाठेल,
ही कुडाळपर्यंत,
आणि हिच्यावर कितीही भुसा घाला,
झारापच्या पुढे पाणी.
ड्रायव्हर हसतात, मग परत विचारायला येतात.
कधी चुकतेही.
टायर फुटला, ऊन चढलं, ते कुठे माझ्या हातात.

म्हणून आजगावकर डॉक्टरबाईंनी कागद पुढे केला
तेव्हा मी घाबरले नाही.
नुसत्या चौकटी होत्या.
आईला साखर? हो. डावा अंगठा गेला तिचा.
पोटुशी असताना इन्सुलिन? हो.
कंबर. फीत लागताच मी श्वास आत ओढला,
बाई म्हणाल्या, सोड.
अंगावर किती महिने पाजलंस?
इथे मी अडले. हे कुणीच कधी विचारलं नव्हतं.
चौदा, म्हणाले.
खरे सतरा. शेवटचे तीन सासूला चोरून.
"हे तुझ्या बाजूचं," म्हणत त्यांनी बारीक खूण केली.

मग बेरीज, बेरजेचा एक आकडा.
त्याखाली पेन टेकवून त्या जरा गप्प राहिल्या.
"ही तू एकटी नव्हेस. तुझ्यासारख्या शंभरजणी आहेत यात.
त्यातली तू कुठली, ते कागदाला ठाऊक नाही.
म्हणून दरवर्षी सुई."

शंभर. मी किनाऱ्यानं मोजू लागले.
खवण्याची शेहनाज, दोन्ही खेपेला भात सोडलेली.
कोचऱ्याची दर्शना, जिला कुणी सांगितलंच नाही.
आणि भोगव्याची ती, नाव गेलं डोक्यातून,
कुडाळच्या वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर,
रात्री उशीखालून खाजं काढून खायची.
मलाही द्यायची एक तुकडा.
तिच्या दारात गेलं का कुणी यादी घेऊन?

काल मुलीनं कार्ड वाचलं.
तिला आता जोडाक्षरं येतात.
"आई, ह्या माझ्यामुळे झाला?"
टोप घासता घासता हात थांबला.
"नाय गो. तू इलंस ती सांगानच इलंस.
माकाच आयकाक सात वर्सां लागली."
कळल्यासारखं करून ती झोपली,
पाय माझ्या पोटावर टाकून.

नऊ वाजून दहा.
बाहेर आमचाच टेम्पो. दिगंबर हॉर्न मारतोय,
खिडकीतून ओरडतोय,
"वयनी, आजची लादी सावंतवाडी गाठतली?"
हात लावल्याशिवाय कसं सांगू.
थांब वीस मिनिटं, म्हणते.
सुई झाली की येते.